बॅकवॉटरला किंवा पुरात होडी अडकली तर मदत मागायची कशी? सातारा-सांगलीकरांसाठी धागा

कासपठार

थंडी सुरू झाली की शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, गर्दी लोटते. वासोटा किल्ल्याला जाणारे बामणोली, शेंबडी, मुनावळ्याहून लाँच पकडतात, महाबळेश्वरचे पाहुणे तापोळ्याला उतरतात, मुनावळ्याचं जलपर्यटन 2024 मध्ये सुरू झाल्यापासून तिकडचाही ओघ वाढलाय. प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, आणि फोन आहे म्हणजे मदत येईलच असं सगळे धरून चालतात. मला काळजी वाटते ती नेमकी याचीच.

पाणी केवढं आहे ते आधी बघा. कोयना धरण 105 टीएमसीचं. फुगवटा पार तापोळ्याच्या वर गेलाय. कोयना, सोळशी, कांदाटी अशा नद्यांच्या खोऱ्यांत पाणी शिरलेलं, मध्ये डोंगराच्या सोंडा. सोंडेच्या अलीकडे फोनला दोन काड्या दिसतात, पलीकडे गेलं की शून्य. वासोट्याच्या पायथ्याला, मेट इंदवलीकडे तर फोनचा विचारच सोडून द्यायचा. पलीकडच्या काठाला बऱ्याच ठिकाणी जंगल थेट पाण्यापर्यंत आलेलं आहे. तिथे बोट लागली तरी हाकेला ओ देणारं गाव नसतं.

आता समजा रेंज मिळाली आणि तुम्ही 112 लावला. महाराष्ट्रात हा फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून माहिती जिल्ह्याच्या पोलिसांकडे जाते. फोन उचलणाऱ्या ताईंना किंवा दादांना बामणोली कुठे आहे हे माहीत असेलच असं नाही. "आम्ही त्या मोठ्या वळणापाशी आहोत हो, लवकर या" एवढं सांगून फोन कट झाला, तर पुढे कोणाला पाठवायचं? म्हणून तोंडातून पहिलं वाक्य जागेचं निघालं पाहिजे. काय झालं, कसं झालं, चूक कोणाची, हे सगळं नंतर. मी घरच्यांकडून घोकून घेतलंय ते साधारण असं:

"सातारा जिल्हा, जावळी तालुका, बामणोलीजवळ कोयनेच्या पाण्यात आहोत. बामणोलीहून वासोट्याकडे निघालो होतो. बोटीचं मशीन बंद पडलंय, बोट वाऱ्याने वाहत चाललीय. नऊ माणसं आहेत, त्यात दोन लहान मुलं. सगळ्यांनी जॅकेट घातलंय. गाडी पाण्यापर्यंत येऊ शकत नाही, बोट पाठवा."

शेवटचं वाक्य विसरू नका. 112 ला फोन गेला की साधारणपणे पोलिसांची गाडी निघते. ती धक्क्यापर्यंत येईल, पुढचं पाणी तिला ओलांडता येत नाही. बोट लागणार हे पहिल्याच फोनमध्ये कळलं, तर गाडी निघत असतानाच कोणीतरी धक्क्यावरच्या बोटवाल्यांना फोन लावू शकतो.

आणि तालुका सांगताना घोळ घालू नका. बामणोली जावळीत येतं, तापोळा महाबळेश्वर तालुक्यात, कोयनानगर पाटणमध्ये. तलाव एकच, तालुके तीन. पोलीस ठाणीही वेगवेगळी. कुठल्या धक्क्यावरून किती वाजता निघालात हे सांगितलं तर शोधणाऱ्याचं निम्मं काम होतं.

पाण्यावर काम करणाऱ्यांनी, पूर अनुभवलेल्यांनी इथे भर घालावी ही विनंती.

घाटवाट

चांगला धागा. एक शंका. समुद्रावर बोटींकडे व्हीएचएफ रेडिओ असतो, चॅनल 16 वर मदत मागतात. हातात मावणारे संचही मिळतात. मग कोयनेवर तसा एखादा घेऊन गेलं तर रेंजची कटकटच संपेल ना? की सॅटेलाइट फोन बरा? परदेशातले ट्रेकर तसली छोटी यंत्रं सर्रास वापरतात.

दर्यावर्दी_मिरज

मी जहाजावर नोकरी केलेला माणूस, आता मिरजेत स्थायिक आहे. उत्तर जरा लांबेल.

चॅनल 16 म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ. समुद्रावर त्याचा उपयोग होतो, कारण तिथे जहाजं आणि तटरक्षक दलाची केंद्रं त्यावर कान लावून बसलेली असतात. बामणोलीत तुम्ही त्यावर घसा कोरडा होईपर्यंत ओरडलात तरी ऐकायला कोणी नाही. शिवाय आपल्याकडे असा संच वापरायला परवाना लागतो. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबरही समुद्रासाठीच आहे. अलिबाग, मालवणला जाणार असाल तर जरूर सेव्ह करा, कोयनेवर तो लावून वेळ घालवू नका.

सॅटेलाइट फोनबद्दल तर हात जोडून सांगतो, परदेशातून कोणी भेट आणला तरी बॅगेत टाकून नेऊ नका. आपल्या देशात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. थुराया, इरिडियमवर चालणारी यंत्रं घेऊन आलेल्या परदेशी पाहुण्यांना विमानतळावर अडवल्याच्या बातम्या येत असतात. संदेश पाठवणारी छोटी यंत्रंही त्यातच आली. नव्या आयफोनची उपग्रहावरून मदत मागायची सोयही आपल्याकडे सुरू नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका.

पण समुद्रावरच्या पद्धतीतून एक गोष्ट इथे जरूर उचलावी. जीव धोक्यात असेल तर मेडे तीनदा म्हणायचं, बोटीचं नाव सांगायचं, मग लगेच ठिकाण, मग काय झालंय, कसली मदत हवी, माणसं किती. मेडेइतकं गंभीर नसेल पण मदत हवीच असेल, तर पॅन-पॅन. हा क्रम आम्हाला इतका पाठ करून घेतलेला असतो की डोकं बधिर झालं तरी जीभ चालते. कासपठार यांनी घरच्यांकडून घोकून घेतलंय ते हेच, आणि अगदी योग्य केलंय. संकटात माणूस घडलेली हकीकत सांगायला लागतो. "अहो आम्ही सकाळी निघालो, तेव्हा सगळं ठीक होतं..." एवढ्यात आवाज तुटतो आणि ठिकाण सांगायचं राहून जातं.

लाँचवाला

ह्या पाण्यावर आमच्या दोन पिढ्या गेल्या. वरचं सगळं बराबर हाय, पण आमच्याकडचं खरं सांगू का? पयली मदत पोचती ती जवळच्या लाँचचीच. पोलीस, रेस्क्यूवालं समदं येत्यात, जीव लावून काम करत्यात, पण त्यास्नी पोचायला घाट उतरावा लागतो. म्हणून धक्क्यावरनं निघतानाच नावाड्याचा नंबर घ्या. धक्क्यावर जो कोण पावती फाडतो त्याचाबी घ्या. आणि निम्म्या लोकांच्या फोनमधी तो नंबर पायजे. एकाच्याच फोनमधी असला आन् तोच पाण्यात पडला तर?

आता हात करायचं बगा. एक हात वर करून हलवला तर आमी परत हात हलवतो. हितं पावणी मंडळी दिवसभर एकमेकांस्नी टाटा करत असत्यात, लाँच जवळनं गेली की पोरं वरडत्यात. आमाला कसं कळायचं ह्यो अडचणीतला हाय म्हणून? दोनी हात बाजूला पसरा, सावकाश वर न्या, खाली आणा, परत वर. थांबू नका. नायतर वल्ह्याला केशरी जॅकेट बांधून उंच धरा, पण ते जास्तीचं असंल तर. अंगातलं काढायचं न्हाय.

अजून एक, आन् ह्ये लई म्हत्त्वाचं. मदतीची लाँच जवळ आली की समदी एकदम उठून त्या बाजूला धावत्यात. बोट तिथंच कलती. इतका येळ धीर धरलेला आन् शेवटच्या चार हातांवर घात. खाली बसून ऱ्हावा. दोर फेकला तर एकानंच धरायचा, मनगटाला गुंडाळायचा न्हाय. आमी सांगू तसं एकेकानं यायचं, आदी लहान पोरं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी खोडं वर येत्यात. पंख्याला काय तरी अडकतं आन् मशीन बंद पडतं. तवा नांगर असंल तर टाका, नसंल तर दोराला दगडाचं वजन बांधून सोडा. बोट हाय तिथं ऱ्हायली तर आमाला घावती. दुपारनंतर वारं सुटतं, ते कुठल्या कुठं न्हेतं.

दर्यावर्दी_मिरज

दोन्ही हात पसरून सावकाश वर-खाली करणं ही समुद्रावरची आंतरराष्ट्रीय खूणच आहे. रात्र झाली तर टॉर्चने तीन वेळा छोटी उघडझाप, तीन वेळा लांब, परत तीन छोटी. दुपारी आरशाची किंवा स्टीलच्या ताटलीची तिरीप लांबच्या काठावर दिसते. आणि शिट्टी. ओरडून घसा लवकर बसतो, शिट्टी तासभर वाजवता येते. प्रत्येक जॅकेटला शिट्टी बांधलेली असावी. नसेल तर विकत घ्या, दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे.

रातराणी

माझा बाळबोध प्रश्न, कृपया रागावू नका. रेंज नसेल तर फोनमधलं जीपीएस चालतं का? आणि फोन प्लास्टिकच्या पाउचमध्ये असेल, बोटं ओली असतील, तर स्क्रीन दाद देत नाही. मग फोन लावायचा कसा?

नकाशावेडी

रातराणी, अगदी कामाचा प्रश्न आहे. जीपीएसला मोबाईलच्या टॉवरची गरज नसते, फोन थेट उपग्रहांचे सिग्नल घेतो. रेंज नसताना ठिकाण सापडायला थोडा जास्त वेळ लागतो इतकंच. आभाळ मोकळं हवं. नकाशा मात्र आधी ऑफलाइन उतरवून ठेवावा लागतो, नाहीतर निळा ठिपका पांढऱ्या पडद्यावर दिसतो.

ठिकाण आकड्यांत सांगता आलं तर फारच उत्तम. नकाशात आपल्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात. कोयनेच्या बॅकवॉटरला पहिला 17 ने आणि दुसरा 73 ने सुरू होतो. सांगलीत असाल तर 16 आणि 74. दशांश चिन्हानंतरचे चार अंक सांगा, पुरे होतात. चौथ्या अंकापर्यंत गेलात की फरक साधारण 11 मीटरचा उरतो. दोनच अंक सांगितलेत तर तोच फरक किलोमीटरभर होतो आणि शोधणारा चुकीच्या सोंडेमागे जाऊ शकतो. फोनवर आकडे एकेक करून सांगा, "एक सात पॉइंट सात..." असे, आणि समोरच्याला परत म्हणायला लावा.

आवाज जात नसेल तर साधा एसएमएस पाठवा. व्हॉट्सॲपला डेटा लागतो, तुटक रेंजमध्ये ते घड्याळाचं चिन्ह दाखवत बसतं. एसएमएस दोन काड्यांच्या झुळकीतही निसटून जातो. घरच्या एका माणसाला ठिकाण, माणसं आणि "112 ला फोन कर" एवढं लिहा. आपल्या सिमला रेंज नसली तरी स्क्रीनवर फक्त इमर्जन्सी कॉल असं दिसत असेल तर 112 लावून बघाच, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो.

ओल्या बोटांसाठी: फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी एसओएस आधीच चालू करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की फोन लागतो. घरच्या आजोबांकडे बटणांचा फोन असेल तर 5 किंवा 9 दाबून धरायचं. हे घरी बसून बघून घ्या.

हरिपूरकर

आमच्याकडं बोटिंगची हौस कमी आणि पुराची गरज जास्त. कृष्णा-वारणेच्या संगमावर राहतो, त्यामुळं होडी लहानपणापासून ओळखीची. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोक्याची. 2019 ला पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. 2021 च्या जुलैमध्ये परत पूर. कोयनेतनं विसर्ग वाढला आणि वरनं पाऊस असला की आमच्याकडं घरात सामान माळ्यावर चढवायला लागतात.

पुरात मदत मागताना 112 आहेच, जोडीला जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा 1077. त्या कक्षाचा लँडलाइन नंबरही जिल्हाधिकारी कार्यालयाकडनं घेऊन भिंतीवर लिहून ठेवा, पावसाळ्याआधीच. ऐन वेळी लाइट जाते आणि शोधत बसायला चार्जिंग नसतं. घरात चार फोन असतील तर तीन बंद ठेवा, एकच चालू.

सांगताना गल्ली, जवळचं देऊळ किंवा शाळा, कितव्या मजल्यावर आहात, पाणी कुठल्या पायरीला आहे, हे सांगा. माणसं किती, त्यात म्हातारी, अंथरुणाला खिळलेली, गरोदर बाई, लहान बाळ किती, हे वेगळं सांगा. त्यावरनं कुठली होडी पाठवायची आणि किती फेऱ्या, हे ठरतं. जनावरं असतील तर तेही सांगा. गोठा सोडून यायला कोणाचं मन होत नाही, आणि त्या ओढाताणीत होडी काठाला ताटकळते.

8 ऑगस्ट 2019. पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ. पुरातनं माणसं बाहेर काढणारी होडी उलटली आणि कितीतरी जण गेले. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. ती माणसं मदत मिळाली म्हणूनच होडीत चढली होती. हे लिहितानाही हात जड होतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, होडी आली की आधी विचारा किती माणसं बसतील. नावाडी म्हणाला दहा, तर अकरावा मी असलो तरी मी थांबणार. दुसरी फेरी येते. तोवर गच्चीवर राहायचं, आणि होडीत चढताना जॅकेट मागून घ्यायचं.

काहिलीतनं लोक ये-जा करतात पुरात, गूळ शिजवायच्या मोठ्या कढईतनं. थांबलेल्या पाण्यात, गल्लीतल्या गल्लीत एकवेळ चालतं. धारेला लागली की काहील गोल फिरते आणि वल्ह्याला जुमानत नाही.

आणखी एक. मदत पोहोचली की ज्या ग्रुपवर मेसेज टाकला होता तिथं "सुटका झाली" असं लगेच टाका. नाहीतर जुना मेसेज फिरत राहतो आणि होडी रिकाम्या घराकडं जाते.

घाटवाट

म्हणजे आधी कोणाला फोन करायचा? लाँचवाले दादा म्हणतात नावाड्याला, कासपठार म्हणतात 112 ला.

कासपठार

बोटीत एकापेक्षा जास्त फोन असतील तर दोन्ही एकाच वेळी. एकाने 112, दुसऱ्याने धक्का. एकच फोन आणि एकच काडी असेल तर कोयनेवर मी धक्क्यावरचा नंबर आधी लावीन, कारण तिथून बोट सुटते. "112 ला तुम्ही कळवा" हेही त्यांनाच सांगेन. पुरात उलट करीन, कारण तिथे कुठली होडी कुठे आहे हे कक्षालाच माहीत असतं. मित्रांच्या ग्रुपवर टाकून वाट बघत बसणं मात्र दोन्हीकडे नको.

सिस्टरताई

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. माणूस पाण्यातून काढला की पुढचं सांगते, कारण इथेच फार मोठा घोळ होतो.

108 ला फोन करताना रुग्णवाहिका कुठल्या धक्क्यावर हवी ते ठरवून सांगा. बोट तापोळ्याला लागणार आणि गाडी बामणोलीला उभी, असं झालं तर मध्ये सगळं पाणी.

बुडालेल्याच्या पोटावर दाबून पाणी काढायचं, उलटं धरायचं, गरगर फिरवायचं, हे कृपा करून करू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी फुफ्फुसात उतरू शकतं. हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं की उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने श्वास द्या. बुडालेल्याला हवेची गरज पहिली असते. मग छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी 30 वेळा दाबा, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटीमीटर आत जाईल इतकं. मग 2 श्वास. गाडी येईपर्यंत हेच चालू, दमलात तर दुसऱ्याने घ्यायचं. फोन स्पीकरवर ठेवून शेजारी ठेवा.

शुद्धीवर आला, चहा मागतोय, तरी खोकला किंवा धाप असेल तर दवाखान्यात न्याच. त्रास काही तासांनी वाढू शकतो. ओले कपडे काढून कोरड्या चादरीत गुंडाळा.

आणि बुडणारा माणूस "वाचवा" म्हणून ओरडतोच असं समजू नका. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वास घ्यायलाच फुरसत नसते, ओरडणार कुठून? तो गप्प असतो, मान मागे, हात पाणी खाली दाबत असलेले. शेजारच्या लोकांना वाटतं खेळतोय. त्याला दोर, वल्हं, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका. पोहता येतं म्हणून लगेच उडी घेऊ नका, तो मिठी मारतो आणि दोघंही खाली जातात.

रातराणी

सिस्टरताई, लाँचवाले दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. बोट उलटलीच तर काठाकडे पोहत जायचं की बोटीला धरून राहायचं?

लाँचवाला

बोट तरंगत असंल तर बोटीला धरूनच ऱ्हायचं. फायबरची बोट उलटी झाली तरी भौतेक वर ऱ्हाती. लोखंडी पाणी भरून खाली जाती, तिच्यापासनं लांब व्हायचं आन् समद्यांनी एकमेकाला धरून गोल करायचा, पोरं मधी. काठ जवळ दिसतो पण पाण्यावर अंतर फसवं असतं. दहा डोकी एका ठिकाणी असली तर आमाला लांबनं दिसत्यात, एकटं डोकं लाटंत घावत न्हाय.

आन् तापोळ्याला तराफ्यावर गाडी चढवणारांनी अजून एक ध्यानात ठेवा. गाडीत काचा वर करून एसी लावून बसून ऱ्हाऊ नका. हँडब्रेक लावा, गेरमधी ठेवा, समदी खाली उतरा, पोरांस्नी आदी जॅकेट घाला. तराफा पलीकडं लागून फळी टाकली की मगच गाडीत बसायचं.